स्पीकर टिकतो, पेटी म्हातारी होते

पुण्याच्या खडकीतल्या बऱ्याच घरांत होम थिएटर कॅन्टीनमधून आलेलं असतं. लष्कराच्या बॉम्बे सॅपर्सचं केंद्र इथलं, १८६९ सालचा दारूगोळा कारखाना इथला. त्यामुळे फौजेतली आणि फौजेतून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली. सीएसडी कॅन्टीनमध्ये करात सवलत मिळते, म्हणून टीव्ही घेताना शेजारी रचलेलं ते मोठं खोकंही रिक्षात चढायचं. आत काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे: डीव्हीडी वाजवणारी चपटी काळी पेटी, पाच चिमुकले स्पीकर, एक वूफर आणि रंगीत पिनांच्या बारीक वायरी. खोक्यावर ठळक अक्षरांत १००० वॉट.

पेटी उलटी करून पाहा. मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, यंत्र वीज किती खातं त्याचा. अशा बहुतेक सेटवर तो दीडशे वॉटच्या आगेमागे निघतो. भिंतीतून दीडशे वॉट घेणारं यंत्र स्पीकरना सतत हजार वॉट कुठून देणार? खोक्यावरचा हजार अगदीच खोटा नसतो, फक्त तो मोजलेला असतो सोयीने: एकेक चॅनेल एकटा वाजवून, दहा टक्के विकृती चालवून घेऊन, आणि मग सहाही आकड्यांची बेरीज करून. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला कानाला सरळ कळतो. टेपरेकॉर्डरच्या काळात पीएमपीओ नावाचा आकडा छापत असत, त्यापेक्षा हे बरं, एवढंच.

पण वॉट हा या सेटचा मुख्य दोष नाही. त्याचा दोष बोलण्यात आहे. त्या लहान स्पीकरमधला पडदा जेमतेम तीन इंचांचा असतो आणि १५०-२०० हर्ट्‌झच्या खाली तो फारसं काही वाजवू शकत नाही. पुरुषाच्या आवाजाचा पाया ८५ ते १८० हर्ट्‌झच्या दरम्यान असतो. म्हणजे नायकाच्या आवाजाचा वरचा भाग टीव्हीखालून येतो आणि खालचा भाग सोफ्यामागच्या वूफरमधून. साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट उमगत नाही. त्याच्या वरचा मात्र उमगू लागतो. म्हणून अशा सेटवर मारामारी जोरात ऐकू येते आणि संवाद येत नाहीत, मग घरातलं कुणीतरी रिमोट हातात धरूनच सिनेमा पाहतं. बोलणं आलं की वाढव, गाणं लागलं की कमी कर.

हा सेट बिघडतोही ठरलेल्या क्रमाने. आधी डीव्हीडीचं लेझर जातं. मग नवा टीव्ही येतो आणि त्याला जोडायची सोय पेटीत नसते. पेटी गेली की पाच स्पीकर आणि वूफर धडधाकट असूनही माळ्यावर जातात, कारण त्यांच्या पिना वेगळ्या, त्यांचा रोध बहुधा ३ ओहमचा, आणि वूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायरच नसतो. सात वस्तूंना एकच आयुष्य दिलेलं असतं. हल्ली त्याच्या जागी साउंडबार आला आहे. तो दिसायला देखणा आहे, पण घडण तीच: एक भाग मेला की सगळं मेलं.

यावर उपाय सुटी यंत्रणा, म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळी. ती काही नवी श्रीमंती नव्हे. १९७०-८० च्या दशकांत ज्या घरात गाण्याचा षौक होता तिथे रेकॉर्ड प्लेअर वेगळा, ॲम्प्लिफायर वेगळा, डेक वेगळा आणि दोन लाकडी स्पीकर वेगळे असायचे. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या कंपन्या अशाच घरांवर वाढल्या. पुढे टू-इन-वन आलं, मग एका साच्यातली म्युझिक सिस्टीम, मग हे खोकं. जागा वाचली, वायरी कमी झाल्या आणि दुरुस्तीची सोय गेली.

आता खरा हिशेब. आज आपण वापरतो तसला कॉइल आणि कागदी पडद्याचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघा इंजिनिअरांनी १९२५ साली मांडला. शंभर वर्षांत पडद्याचे पदार्थ बदलले, चुंबकं सुधारली, खोक्याचं गणित पक्कं झालं. तत्त्व तेच राहिलं. याउलट एचडीएमआयकडे पाहा. पहिली आवृत्ती २००२ च्या अखेरीस. टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून परत पाठवणारी एआरसी सोय २००९ च्या १.४ मध्ये. २०१३ साली २.०, २०१७ साली २.१ आणि त्याबरोबर ई-एआरसी. रिसीव्हर म्हणजे आवाज उलगडणारी, निवडणारी, वाढवणारी पेटी. ती दर पाच-सात वर्षांनी जुनी होते, कधी बिघडते म्हणून, जास्त वेळा जगच पुढे गेलं म्हणून. चांगला स्पीकर पंचवीस वर्षं सहज वाजतो. म्हणून कमी पैशांत सुटं होताना पैसा आधी जे टिकतं त्यात घालावा आणि जे लवकर शिळं होतं ते स्वस्तात, जमल्यास जुनं घ्यावं. दुकानदार बरोबर उलटं सुचवतो. त्याच्याकडे नवी पेटी असते, तिच्यावर चकचकीत अक्षरं असतात, आणि स्पीकर ‘सोबत’ मिळतात.

साठ हजार हाताशी असतील तर निम्मे समोरच्या तीन स्पीकरवर घालावेत, असं माझं मत आहे. तीस हजारच असतील तर पाच स्पीकरांचा हट्ट सोडून दोनच चांगले घ्यावेत आणि उरलेले पुढच्या दिवाळीला. सुट्या यंत्रणेत हे चालतं. फौजी कुटुंबाला तर फारच सोयीचं, कारण दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, खोली बदलते, कधी दहा बाय बाराची, कधी जुन्या बंगल्यातली उंच छताची. स्पीकर तेच ठेवून वूफर तेवढा मोठा घेता येतो.

वॉटची भीती घालवण्यासाठी एकदा आकडेमोड करून टाकू. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. ८७ डेसिबल म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. तुम्ही ३ मीटरवर बसलात तर बंद खोलीत त्यातले साधारण ८ गळतात, उरले ७९. दहापट वीज दिली की १० डेसिबल वाढतात, दुप्पट दिली की फक्त ३. तेव्हा १० वॉटला ८९. घरात सिनेमा पाहताना ९० डेसिबलचा क्षणिक कल्लोळ बहुतेकांना पुरेसा वाटतो, आणि त्याला लागतात जेमतेम १३ वॉट. चित्रपटगृहाच्या प्रमाणित पातळीला एकेका स्पीकरकडून १०५ डेसिबलचे शिखर अपेक्षित असते; ते याच स्पीकरकडून याच अंतरावर हवं असेल तर ४०० वॉट लागतील. पण त्या पातळीवर दिवाणखान्यात कुणी सिनेमा पाहत नाही, पाहिलाच तर शेजारी पाहू देत नाहीत. ५० वॉटचा रिसीव्हर आणि १०० वॉटचा रिसीव्हर यांत फरक ३ डेसिबलचा, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका. मात्र सेन्सिटिव्हिटी ८४ ऐवजी ९० असलेला स्पीकर घेतला, तर त्याच पेटीत चौपट ताकद आल्यासारखं होतं. हा आकडा दुकानात कुणी विचारत नाही. विचारा.

स्पीकर निवडताना समोरचे दोन आणि मधला एकाच मालिकेतले असावेत, नाहीतर पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलतं. पाच ते साडेसहा इंचांचा पडदा असलेले बुकशेल्फ प्रकारचे स्पीकर लहान खोलीला पुरतात. सोनोडाइन आजही आहे. व्हार्फडेल, पोल्क, यामाहा यांचे साधे स्पीकर मिळतात. पुण्यात कॅडेन्स नावाच्या कंपनीने तर इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. कागदाच्या पडद्याऐवजी विद्युतभारित पातळ पटल हलवणारे हे स्पीकर आपल्या बजेटच्या बाहेरचे, पण हे काम आपल्या शहरात झालं हे माहीत असावं.

मधला स्पीकर लागतोच का? एकटेदुकटे, बरोबर मधोमध बसून पाहत असाल तर नाही. डावा-उजवा मिळून मधला भास छान उभा करतात. पण खडकीतल्या घरात सिनेमा म्हटला की सोफ्यावर तिघं, दिवाणावर दोघं, पोरं सतरंजीवर आणि मावशी दाराशी खुर्ची टाकून. कडेला बसलेल्याला जवळच्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि कान पहिल्या आलेल्या आवाजावर विश्वास ठेवतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली हे नीट मोजून दाखवलं. मग मावशींना सगळे संवाद उजव्या कोपऱ्यातून ऐकू येतात. त्यांच्यासाठी मधला स्पीकर हवा. तो शोकेसच्या खणात मागे ढकलू नका, आवाज हंड्यातून आल्यासारखा घुमतो. खणाच्या पुढच्या काठाशी आणा आणि पुढची बाजू किंचित वर करा.

जुनं घ्यायला हरकत नाही, पण बघून घ्या. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर आपल्या पावसाळ्यांनी ती भुसभुशीत होते. बोटाने अलगद दाबली की चुरा पडतो. रबराची कड टिकते. मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधी चांगला माल दिसतो, पण तिथे वाजवून बघायची सोय नसते. मी तिथून स्टँड घेईन, स्पीकर नाही. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली वेगळी. वायर, पिना, ट्रान्सफॉर्मर, ॲम्प्लिफायरचे तयार बोर्ड आणि ते बसवून देणारी माणसं, सगळं एका गल्लीत.

जुना रिसीव्हर घेताना आवाजाचं बटण फिरवून खरखर ऐका, अर्धा तास वाजवत ठेवा, तापून बंद पडतो का पाहा. एचडीएमआयचा बोर्ड हा या पेट्यांचा नाजूक भाग. तो मेलेला असेल तर पेटी कवडीमोलाने मिळते, आणि गंमत अशी की आपलं काम तरीही होतं. बहुतेक टीव्हींच्या मागे ऑप्टिकल आउटपुट असतो. त्यातून डॉल्बी डिजिटलचे ५.१ चॅनेल व्यवस्थित येतात. ॲटमॉस येत नाही, ब्लू-रेचा लॉसलेस आवाज येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, ओटीटीवरचा सिनेमा पाहताना मला त्याची उणीव वाटणार नाही.

अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला रिसीव्हर असेल तर मात्र आधी मागचा पत्रा वाचा. तिथली वीज १२० व्होल्ट, इथली २३०. थेट प्लग लावला तर एक छोटा आवाज होतो आणि मग कुठलाच होत नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही पेटीच्या भुकेहून मोठा.

वूफरची मेख बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळते. नव्या-जुन्या बहुतेक रिसीव्हरमधून वूफरसाठी फक्त संकेत बाहेर येतो, ताकद येत नाही. वूफरमध्ये स्वतःचा ॲम्प हवा. खोक्यातल्या वूफरमध्ये तो नसतो. नवा वूफर घेण्यापुरते पैसे होईपर्यंत तपकीर गल्लीतून एखादा लहान क्लास-डी बोर्ड आणि २४ व्होल्टचा पुरवठा आणून जुन्या वूफरला जोडता येतो. तात्पुरतं, पण चालतं. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज वूफरकडे वळतो ती सीमा, ८० हर्ट्‌झवर आणि समोरचे स्पीकर ‘स्मॉल’ वर ठेवा. ‘लार्ज’ हा शब्द पाहून तो निवडायचा मोह होतो, निवडू नका. बास वूफरकडे गेला की समोरच्या स्पीकरवरचा आणि पेटीवरचा भार उतरतो आणि संवाद लगेच सुटे होतात.

खोली हा सगळ्यात मोठा घटक, आणि त्याला पैसे कमी लागतात. दहा फूट रुंद खोलीत ५६ हर्ट्‌झचा आवाज भिंतीभिंतींत अडकून उभा राहतो. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्‌झचा. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ दोनदा येतो आणि एकच सूर ढोलासारखा घुमत राहतो. कॅन्टोन्मेंटमधल्या जुन्या बंगल्यांची कौलारू, उंच छतं इथे मदतीला येतात: चौदा फुटांना हा आकडा ४० वर जातो, सूर विखुरतात, थोडा बास कौलांतून निघूनही जातो. सपाट छताच्या क्वार्टरमध्ये ते सुख नाही. तिथे वूफर उचलून आपण बसतो त्या जागी ठेवा, एखादं ओळखीचं गाणं लावा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. बास जिथे सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे वूफर ठेवायचा. घरचे हसतील.

शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर एक टाळी वाजवा. मागे धातूसारखा झणकार आला तर तोच प्रत्येक संवादाला चिकटणार. जाड सतरंजी, दुहेरी पडदा, पुस्तकांचं कपाट, समोरच्या भिंतीवर गोधडी. विकतचं ध्वनिशोषक फोम लहान खोलीत फक्त वरचे सूर खातं आणि आवाज मंद करतं. गोधडी स्वस्त आणि बरी. रेल्वेलाइनजवळ किंवा जुन्या मुंबई रस्त्याला लागून राहत असाल तर खिडक्यांच्या फटी बुजवण्यावर खर्च केलेले पाचशे रुपये पाच हजारांच्या ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त उपयोगी पडतात. लोकल जाताना हळू संवाद बुडतात, आपण आवाज वाढवतो, मग पुढच्या स्फोटाला दचकतो.

वायरीवर फार बोलायला नको. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची साधी वायर वीस मीटर, म्हणजे दहा मीटर जाऊन-येऊन, अंदाजे पाव ओहम रोध देते. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ते काहीच नाही. अडीचची घेतली तर आणखी बरं. खोक्यातली दोऱ्याएवढी वायर तेवढ्याच लांबीला दीड ओहमच्या वर जाते आणि ३ ओहमच्या स्पीकरवरची पेटीची बरीचशी पकड घालवते. हजारो रुपयांच्या जाडजूड वायरी विकणारे विकोत. आपण लाल-काळ्या टोकांच्या खुणा मात्र न चुकता जुळवाव्या. एक स्पीकर उलटा जोडला की बास गायब होतो आणि माणसं नव्या वूफरच्या शोधात निघतात.

वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर, ज्याला शौकीन लोक खरं ‘सेपरेट’ म्हणतात, तो सगळ्यांत शेवटी. खोली मोठी असेल, स्पीकर ४ ओहमचे असतील आणि रिसीव्हर तापून सारखा बंद पडत असेल तरच. त्यासाठी रिसीव्हरच्या मागे समोरच्या चॅनेलचे प्री-आउट, म्हणजे ताकदीविना नुसता संकेत देणारे आउटपुट, असावे लागतात, आणि स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा फक्त वूफरचाच असतो. म्हणून जुना रिसीव्हर घेताना मागच्या बाजूचा फोटो आधी मागवावा. प्री-आउट असलेली दहा वर्षांपूर्वीची वरच्या दर्जाची पेटी आजच्या नव्या स्वस्त पेटीपेक्षा उपयोगी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए-३२५५ चिपवरचे लहान ॲम्प्लिफायर हल्ली डब्याएवढ्या आकारात मिळतात. त्यांच्या जाहिरातीतले ३०० वॉट विसरा, पुरवठा किती व्होल्ट-अँपिअरचा आहे ते बघा; आवाज मात्र खरोखर स्वच्छ असतो.

जोडणी झाली की रिसीव्हरबरोबर आलेला मापनाचा माइक कानाच्या उंचीवर ठेवून पातळ्या लावून घ्या आणि मग ओळखीचं काही ऐका. पु. लं.चा आवाज ज्याच्या कानात बसलाय त्याला मधला स्पीकर बरोबर आहे की नाही हे एका मिनिटात कळतं. ‘सैराट’चा वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता, व्हायोलिनांचा थर आणि गायकाचा आवाज एकमेकांत न मिसळता उभे राहतात का, ते त्यावर तपासता येतं. त्याच सिनेमाच्या शेवटी आवाज पूर्ण थांबतो, तेव्हा स्पीकरजवळ कान न्या. घूं असा ५० हर्ट्‌झचा सूर ऐकू आला तर दोष बहुधा केबल किंवा डिशच्या वायरीतून येणाऱ्या दुसऱ्या अर्थिंगचा. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, डिशची वायर काढून सूर जातो का पाहा. अर्थिंगची पिन तोडून घूं घालवणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. जुळ्या क्वार्टरची भिंत सामायिक असते आणि कमी कंपनांचा बास तिच्यातून सहज पलीकडे जातो. वूफर त्या भिंतीपासून दूर घ्या, खाली जाड रबरी पट्टी द्या, दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा. तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर काढतो. कमी आवाजातही संवाद समजतात, फक्त मधला स्पीकर चांगला हवा.